मार्सेल किटेल खरंच 'जन्मजात स्प्रिंटर' होता का?

घाटमाथा

परवा टूर दी फ्रान्सच्या गप्पांच्या धाग्यावर कोणीतरी सहज लिहून गेलं की जर्मन सायकलपटू मार्सेल किटेल म्हणजे जन्मजात स्प्रिंटर. तिथे वाद घातला असता तर मूळ धागा भरकटला असता, म्हणून हा वेगळा काढतोय.

माझं म्हणणं एवढंच की बावीस वर्षांचा होईपर्यंत किटेलची जी काही ओळख होती ती टाइम ट्रायलवाला अशी. म्हणजे एकट्याने, घड्याळाविरुद्ध सायकल हाणणारा. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, वारा सगळा आपल्याच छातीवर. स्प्रिंटरचा धंदा बरोबर उलटा: दोनशे किलोमीटर दुसऱ्याच्या चाकामागे लपायचं आणि शेवटचे दोनशे मीटर तोंड दाखवायचं.

जन्म ११ मे १९८८, पूर्व जर्मनीतल्या थ्युरिंगेन भागातलं आर्नस्टाट हे गाव. बर्लिनची भिंत पडायला अजून दीड वर्ष होतं. वडील सायकलपटू, आई उंच उडी मारणारी. पोरगं आधी ॲथलेटिक्समध्ये होतं, सायकलवर जरा उशिरा आलं. आणि आलं ते असं की २००५ साली साल्झबुर्गला ज्युनियर गटात टाइम ट्रायलचं विश्वविजेतेपद. २००६ ला बेल्जियममध्ये स्पा इथे पुन्हा तेच. २००९ ला २३ वर्षांखालच्या गटात युरोपचा विजेता, तोही टाइम ट्रायलमध्येच. २०१० ला ऑस्ट्रेलियात जीलाँगला विश्वस्पर्धेत टेलर फिनी पहिला, ल्यूक डरब्रिज दुसरा आणि किटेल तिसरा. प्रकार? टाइम ट्रायल.

आता ही यादी पाहून कोण म्हणेल की हा माणूस तीन वर्षांत पॅरिसच्या शाँझ एलिझेवर, टूरच्या शेवटच्या फिनिशला, मार्क कॅव्हेंडिशसारख्या नामी ब्रिटिश स्प्रिंटरला मागे टाकणार आहे? लोक म्हणत होते, हा पुढचा टोनी मार्टिन, म्हणजे टाइम ट्रायलमधला जर्मन दादा.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं तर कान धरावा.

तिरकस

पहिला! कान धरायला आलो आहे.

वडील सायकलपटू असं मोघम लिहून सटकलात. वडील स्प्रिंटर होते हो. मग जन्मजात म्हणायला हरकत काय?

घाटमाथा

तिरकसराव, मान्य, वडील जोरातच फिनिश मारणारे होते. पण मग आई उंच उडीवाली, म्हणून किटेल डोंगर चढण्यात उस्ताद असायला हवा होता. चढ दिसला की तो मागच्या गाड्यांच्या सोबतीला जायचा हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आजी_सदाशिवपेठी

मला सायकलीतलं काही कळत नाही, पण आर्नस्टाट वाचून थांबले. अहो, हे तर बाखचं गाव! तरुणपणी, १७०३ ते १७०७, तिथल्या चर्चमध्ये तो ऑर्गन वाजवत होता. आणि बाखच्या शेवटच्या शिष्यांपैकी एकाचं नाव योहान क्रिस्टियान किटेल. तोही त्याच भागातला, एर्फुर्टचा. नातं लगेच जोडू नका, आडनाव तिकडे असेल पुष्कळांचं. मला आपली गंमत वाटली.

अवांतराबद्दल क्षमस्व. ते 'स्प्रिंटर' आणि 'ट्रेन' काय असतं ते कोणीतरी मराठीत सांगा.

येनाकर

आजी, हे अवांतर नाही, फार गोड आहे. गेली सहा वर्षं येनात आहे, म्हणून थोडी स्थानिक माहिती.

आर्नस्टाट एर्फुर्टच्या दक्षिणेला, गाडीने पोचायला अर्धा तासही लागत नाही. आणखी दक्षिणेला गेलात की थ्युरिंगेनचं जंगल सुरू होतं आणि रस्ता वर-खाली होऊ लागतो. फार उंच नाही, पण सपाटही नाही. मी इकडे सायकल घेतली तेव्हा 'जर्मनी म्हणजे सपाट' या समजुतीने घेतली आणि पहिल्याच रविवारी एका चढावर उतरून ढकलत गेलो. बाजूने सत्तरीचे एक आजोबा 'मॉर्गन' म्हणत पेडल मारत निघून गेले.

एर्फुर्टला आंद्रेआसरीड नावाचा सायकल ट्रॅक आहे, १८८५ सालचा. जगात अजून वापरात असलेल्या सर्वांत जुन्या ट्रॅकपैकी एक. शिवाय खेळाडू पोरांना हेरून खास शाळांमध्ये घालायची पूर्व जर्मनीची पद्धत. देश गेला तरी शाळा वेगळ्या नावाने राहिल्या. आणि याच एर्फुर्टमध्ये तरुणांचा एक संघ होता, थ्युरिंगर एनर्जी. किटेल २००७ ते २०१० त्यात होता. टोनी मार्टिन त्याच्या थोडा आधीपासून, योन डेगेनकोल्ब २००८ पासून. एका प्रांतातल्या एका छोट्या संघातून एक टाइम ट्रायलचा विश्वविजेता, एक पॅरिस-रूबे आणि मिलान-सान रेमो या मानाच्या एकदिवसीय शर्यती जिंकणारा आणि एक टूरचे चौदा टप्पे जिंकणारा. आपल्याकडे एखाद्या तालमीतून असे तीन मल्ल निघाले असते तर तालमीपुढे पुतळे उभे राहिले असते.

पंक्चरवाला

आजी, ट्रेनचं मी सांगतो. सायकलवर वेग वाढला की खरा शत्रू हवा. साठच्या वेगाला तर जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटून चाललं तर मागच्याला बरीच कमी ताकद लागते. म्हणून शेवटच्या चार-पाच किलोमीटरला संघातली पाच-सहा पोरं एका रांगेत पुढे येतात. पहिला जीव तोडून ओढतो, संपला की बाजूला होतो. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी उरतात दोघं. त्यातला पुढचा स्प्रिंटरला अडीचशे-दोनशे मीटरवर आणून सोडतो. या रांगेला म्हणायचं ट्रेन.

दहीहंडीसारखं समजा. नाव वरच्या गोविंदाचं होतं, खांदे खालच्यांचे सोलवटतात.

तिरकस

दहीहंडीत खालचे थर बाजूला झाले तर काय होतं ते माहीत आहे ना?

पंक्चरवाला

उपमेला इतकं ताणायचं नसतं हो. :)

नीरजा_ठाणे

छान धागा. घाटमाथा यांच्या मुद्द्यात एक दुवा राहिलाय, तो जोडते. टाइम ट्रायलवाला स्प्रिंटर झाला, पण का झाला? याला जर्मनीतली तेव्हाची परिस्थिती कारण आहे असं मला वाटतं.

२००७ च्या टूरमध्ये टी-मोबाइल संघाचा पाट्रिक झिन्केविट्झ उत्तेजक चाचणीत सापडला, आणि तिथल्या दोन्ही सरकारी वाहिन्यांनी, एआरडी आणि झेडडीएफने, चालू स्पर्धेत थेट प्रक्षेपण बंद केलं. त्या वर्षाअखेर टी-मोबाइलने अंग काढून घेतलं. २००८ नंतर गेरोलश्टाइनर संघ गेला. २०१० संपताना मिलराम बंद झाला, आणि सर्वोच्च पातळीवर एकही जर्मन संघ उरला नाही. टूर जिंकलेल्या यान उलरिखचा आणि स्प्रिंटर एरिक त्साबेलचा देश हा! सहा वेळा हिरवी जर्सी (टूरमध्ये गुणांत पहिल्याला मिळते ती) घेतलेला त्साबेलसुद्धा २००७ मध्ये पत्रकार परिषदेत उत्तेजकाची रडत कबुली देऊन बसला होता.

बरोबर त्याच वेळी किटेल व्यावसायिक व्हायला निघाला. दुकानं बंद होत असताना नोकरी शोधणं. मिळाला तो स्किल-शिमानो, म्हणजे दुसऱ्या श्रेणीतला डच संघ. टूरला जायचं तर आयोजकांच्या आमंत्रणावर अवलंबून. या संघाकडे डोंगरावर जिंकणारा कोणी महागडा शिलेदार घ्यायला पैसा नव्हता. संघाचे प्रमुख इवान स्पेकेनब्रिंक यांनी हिशेब वेगळा मांडला: तीन आठवड्यांची टूर जिंकणं आपल्या खिशाबाहेरचं आहे, पण एक दिवस, एक फिनिश, त्यासाठी एक रांग घडवता येईल. रांगेच्या टोकाला मोठं इंजिन हवं होतं. ते टाइम ट्रायलवाल्या पोराकडे होतं.

म्हणजे त्याला स्प्रिंटर बनवलं ते गरजेने.

घाटमाथा

नीरजाताई, दंडवत. हेच मला लिहायचं होतं आणि जमलं नव्हतं.

त्यात तंत्राची थोडी भर. स्प्रिंट म्हणजे नुसता शेवटचा झटका, असं आपल्याला टीव्हीवर वाटतं. झटका तर हवाच, दीड हजार वॉटच्या वर ताकद काही सेकंद काढावी लागते. पण तो झटका मारायची वेळ येण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पन्नास-साठच्या वेगाने घोळक्यात धक्के खात पुढे राहायचं असतं. नुसत्या झटक्याच्या माणसाचे पाय तिथपर्यंत पोचताना अर्धे रिकामे झालेले असतात. किटेलचे नसायचे. ती भट्टी टाइम ट्रायलमध्ये पेटलेली होती. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, ऐंशी किलोच्या वर वजन. चढावर हेच वजन गळ्यातला धोंडा. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी 'घाटाचा राजा' वेगळा काढतात ना, तो किताब याला सात जन्मांत मिळाला नसता. सपाटीवर मात्र तेच वजन सुटलेल्या ट्रकसारखं.

सई_गुणे_नाही

वाखुसा (वाचनखूण साठवली). २०११ चं सांगा ना कोणीतरी. मला आठवतंय की एकदम कुठून तरी उगवला होता.

घाटमाथा

२०११ म्हणजे नुसता धुमाकूळ.

जानेवारीत मलेशियात, टूर द लंकावीमध्ये पहिला व्यावसायिक विजय. संघात येऊन महिनाही झाला नव्हता. मे महिन्यात फ्रान्समध्ये 'डंकर्कचे चार दिवस'. (नाव चार दिवस, शर्यत पाच दिवस. फ्रेंच लोकांना विचारू नये.) त्यात पाचपैकी चार टप्पे किटेलचे. मग टूर ऑफ पोलंड. ही सर्वोच्च श्रेणीतली, मोठे संघ झाडून सगळे हजर. तिथे पुन्हा चार टप्पे. ऑगस्टच्या शेवटी स्पेनच्या व्हुएल्टात, म्हणजे तिथल्या तीन आठवड्यांच्या टूरमध्ये, सातवा टप्पा, तालावेरा दे ला रेना गावात. मागे फिनिशच्या सरळ रस्त्यावर टायलर फरार आणि आणखी काही जण आपटले, आणि पुढे पीटर सगानला मागे ठेवून किटेल आयुष्यातल्या पहिल्याच मोठ्या टूरमध्ये टप्पा जिंकला. वर्षाचा हिशेब: १७ विजय. पहिल्या वर्षाच्या नवख्याचे!

तिरकस

बरं. हे झालं कौतुक. आता कडू प्रश्न विचारतो, कोणीतरी विचारायलाच हवा. पहिल्या वर्षी सतरा विजय, पूर्व जर्मनीतली खेळाची परंपरा, एर्फुर्ट… आणि एर्फुर्टच्या त्या डॉक्टरचं प्रकरण? त्यावर धाग्यात चिडीचूप.

नीरजा_ठाणे

चिडीचूप नाही, ओघात यायचं होतं. विचारलंत ते बरं केलंत.

एर्फुर्टच्या ऑलिंपिक प्रशिक्षण केंद्रात एक डॉक्टर खेळाडूंचं थोडं रक्त काढून, त्यावर अतिनील किरण सोडून, ते परत शरीरात सोडायचे. कारण दिलं जायचं संसर्गावरचा उपचार म्हणून. २०१२ मध्ये हे बाहेर आलं आणि आपणही तो उपचार घेतला होता हे किटेलने मान्य केलं. रक्त काढून त्यावर काही करून परत सोडण्यावर निःसंदिग्ध शब्दांत बंदी आली ती २०११ च्या यादीत. त्याच्यावर कधीही बंदीची कारवाई झाली नाही.

माझं वैयक्तिक मत: 'डॉक्टरने सांगितलं म्हणून केलं' हे विशीतल्या पोराच्या तोंडी पटतं, पण त्या केंद्राच्या तोंडी अजिबात पटत नाही.

दुसरी बाजूही पाहा. त्याच वर्षी लान्स आर्मस्ट्राँगचं उत्तेजकांचं सगळं उघड झाल्यावर काही बडे खेळाडू त्याची बाजू घेत होते, तेव्हा हे वाचून मळमळतं असं किटेलने जाहीर लिहिलं होतं. चोविशीतला पोरगा, समोर काँतादोर आणि इंदुराइनसारखी टूर जिंकलेली नावं. या खेळात तोंड बंद ठेवायचा रिवाज फार जुना आहे, हे लक्षात घ्या. आणि २०१३ मध्ये 'स्पोर्ट बिल्ड' या साप्ताहिकासाठी तो खोटं पकडायच्या यंत्राला वायरी लावून बसला. यंत्रावर माझा काडीचा विश्वास नाही. पण ज्या देशात टीव्हीवरून खेळ गायब झाला होता, तिथल्या खेळाडूला आपण स्वच्छ आहोत हे सांगायला वायरी लावून घ्याव्याशा वाटल्या, हे मला त्या यंत्राच्या निकालापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

तिरकस

समाधानकारक उत्तर. चहा माझ्याकडून.

येनाकर

इथली माझ्या वयाची जर्मन मंडळी या विषयावर अजून कडवट बोलतात. ऑफिसातला एक सहकारी सांगतो, उलरिखच्या काळात त्याच्या घरी जुलैत दुपारी पडदे ओढून सगळे टीव्हीपुढे. २००७ नंतर बापाने रिमोट उचलून फुटबॉल लावला तो लावलाच. एआरडीने टूर पुन्हा थेट दाखवायला सुरुवात केली २०१५ मध्ये. म्हणजे किटेलची पहिली सगळी मजा त्याच्याच देशाच्या सरकारी वाहिन्यांनी थेट दाखवली नाही.

पंक्चरवाला

२०१२ ची टूर कोणी सांगणार की नाही? ते तर कोणाला आठवतही नसेल.

घाटमाथा

आठवतं. न आठवण्यासारखंच होतं म्हणून.

वर्षाची सुरुवातच विचित्र. स्किलने नाव काढून घेतलेलं, नवा प्रायोजक यायचा होता, तोवर संघ 'प्रोजेक्ट १टी४आय' या नावाने पळत होता. जर्सीवरचं नाव वाचून वाटावं की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. एप्रिलमध्ये बेल्जियमची स्खेल्डेप्राइस किटेलने जिंकली. १९०७ पासूनची, सपाट, स्प्रिंटरांचीच म्हणावी अशी शर्यत. पुढे ती त्याने एकूण पाच वेळा घेतली. मग आर्गोस नावाचा प्रायोजक आला, टूरचं आमंत्रण आलं, आणि सगळा संघ एकाच माणसाभोवती बांधून टूरच्या सुरुवातीला लिएजला गेला.

आणि त्या माणसाचं पोट बिघडलं.

यात शोकांतिका वगैरे काही नाही, नुसतं पोट. खाल्लेलं टिकेना. रोज दोनशे किलोमीटर सायकल मारायची तर दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी पोटात जाव्या लागतात. जिथे पेजसुद्धा राहत नाही तिथे काय करणार? सपाट टप्प्यांवरही घोळक्यामागे फरफटत आला. पाचव्या टप्प्याला सायकलवरून उतरला. त्या दिवशी सँ-कांतँला टप्पा जिंकला तो दुसऱ्या जर्मनाने, आंद्रे ग्रायपेलने.

मला किटेलच्या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठ जण ज्याच्यासाठी रांग लावायला आले तो गाडीत बसून घरी गेला, तरी संघाने पुढच्या वर्षी रांग मोडली नाही. तीच माणसं: टॉम फेलर्स, कून दे कोर्ट, रॉय कर्व्हर्स, आल्बर्ट टिमर. शिवाय डेगेनकोल्ब, जो स्वतः जिंकणारा होता. तरी या रांगेत खांदा द्यायला तयार.

आजी_सदाशिवपेठी

म्हणजे खालचे थर. आता कळलं.

सई_गुणे_नाही

२०१३ बास्तिया! बस! बस! बस!

पंक्चरवाला

हो, ती बस. नवीन लोकांसाठी सांगतो. २९ जून २०१३, शंभरावी टूर, पहिला टप्पा कॉर्सिका बेटावर पोर्तो-वेक्यो ते बास्तिया. घोळका फिनिशकडे निघालाय आणि इकडे ऑस्ट्रेलियन ओरिका संघाची बस फिनिशच्या कमानीखाली अडकली. वर पाहिलं तर कमान छपराला टेकलेली. आयोजकांनी जाहीर केलं की फिनिश तीन किलोमीटर अलीकडे. सगळे संघ कानातल्या रेडिओवर ओरडतायत. तेवढ्यात बसच्या टायरांतली हवा सोडून ती बाहेर काढली. मग जाहीर, फिनिश परत जागेवर! त्या गोंधळात मोठी पडापड. कॅव्हेंडिश अडकला, सगान पडला, ग्रायपेलची सायकल बिघडली. किटेल निसटला आणि क्रिस्टॉफच्या पुढे जिंकला. पिवळी (एकूण आघाडीची), हिरवी (गुणांची) आणि पांढरी (तरुणांतल्या पहिल्याची), तिन्ही जर्सी एका दिवसात त्याच्या.

तिरकस

थोडक्यात, सगळे बडे पडले तेव्हा जिंकला. दुसऱ्याच दिवशी कॉर्सिकाचे डोंगर आले आणि पिवळी गेली. नशीबच म्हणायचं की.

घाटमाथा

पहिल्या टप्प्यापुरतं म्हणा, भांडत नाही. पण मग दहावा टप्पा, सँ-मालो. तिथे ग्रायपेल दुसरा, कॅव्हेंडिश तिसरा. (याच फिनिशला कॅव्हेंडिशचा धक्का लागून फेलर्स आडवा झाला, आणि दुसऱ्या दिवशी टाइम ट्रायलमध्ये कोणा महाभागाने कॅव्हेंडिशवर लघवी फेकली. प्रेक्षक म्हणून लाज वाटावी असा प्रकार.)

आणि बारावा टप्पा, तूर गावात. हा तुम्ही शांतपणे, शक्य तर आवाज बंद करून पाहा. इथे कोणी पडलेलं नाही, म्हणजे पुढच्यांपैकी नाही. कॅव्हेंडिशला त्याच्या संघातल्या स्टेखमान्सने अगदी हवं तिथे आणून सोडलंय. समोर रस्ता मोकळा. तोवरच्या पाच वर्षांत ही परिस्थिती आली की लोक टीव्ही बंद करून चहा टाकायला उठायचे, कारण निकाल ठरलेला. किटेल त्याच्या चाकामागे. मग तो डावी-उजवी काही न करता नुसता बाहेर निघतो. खांदे हलत नाहीत. डोकं खाली. चाकाच्या बरोबरीला चाक येतं आणि अगदी शेवटच्या काही मीटरला अर्ध्या चाकाने पुढे जातं. तो झटका नाहीच, एकसारखा वाढत गेलेला जोर आहे. मला त्या वीस सेकंदांत साल्झबुर्गचा टाइम ट्रायलवाला दिसतो. तुम्हाला नसेल दिसत तर चष्म्याचा नंबर माझा चुकीचा असेल.

पॅरिसला शेवटच्या संध्याकाळी पुन्हा तेच तिघं, त्याच क्रमाने: किटेल, ग्रायपेल, कॅव्हेंडिश. २००९ पासून चार वर्षं शाँझ एलिझे कॅव्हेंडिशचं अंगण होतं.

तिरकस

तूर आत्ता पाहिला. तीन वेळा. 'जन्मजात' हा शब्द मागे घेतो. 'नशीब' अर्धा मागे घेतो.

नीरजा_ठाणे

अर्धा ठेवाच. तूरच्या दुसऱ्याच दिवशी, तेराव्या टप्प्याला, वारा आडवा लागला, आणि त्या वाऱ्यात कॅव्हेंडिशच्या संघाने पुढे जोर लावून घोळक्याचे तुकडे केले. किटेल मागच्या तुकड्यात राहिला तो राहिलाच. टप्पा कॅव्हेंडिशने घेतला.

येनाकर

घाटमाथा, डेगेनकोल्बवर दोन ओळींत आटपलंत. २०१२ मध्ये किटेलचं पोट बिघडल्यावर त्या संघाची अब्रू त्यानेच व्हुएल्टात पाच टप्पे जिंकून राखली होती.

घाटमाथा

कबूल. तो वेगळ्या धाग्याचा माणूस आहे. खडबडीत दगडी रस्ते आले की गोष्टच बदलते. रविवारपर्यंत वेळ द्या, या आठवड्यात ऑडिट आहे.

आजी_सदाशिवपेठी

पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). दगडी रस्ते म्हणजे काय तेही तिथेच सांगा.